बाबांनी पास केलेले स्पीकर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो मुका होता, आणि पुढे बरेच महिने मुकाच राहिला. दोष त्याचा नव्हता. त्याच्या पोटात साउंड कार्ड होतं, पुढे सीडीचा कप्पा होता, मल्टिमीडिया म्हणून त्या काळी जे जे मिरवलं जायचं ते सगळं होतं. नव्हते ते फक्त स्पीकर. मैत्रिणींच्या घरी कॉम्प्युटरबरोबर दुकानदार जे स्पीकर द्यायचा तेच गुपचूप टेबलावर बसायचे आणि दुसऱ्या दिवसापासून गाणी सुरू. आमच्याकडे मात्र स्पीकर निवडायचं काम बाबांनी अंगावर घेतलं होतं, आणि बाबांनी एखादं काम अंगावर घेतलं की घरातल्या बाकीच्यांनी धीर धरायचा असतो हे मला फार लहानपणी कळलं होतं.

बाबा एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत धाडायचा हे त्यांच्या सहीवर ठरायचं. हिरवी चिठ्ठी बांधली की माल पास, तांबडी बांधली की नापास. शिवाय एक पिवळी चिठ्ठी असायची. माल सदोष आहे, पण काम अडलंय, तेव्हा सवलतीत घेतो, असा तिचा अर्थ. ह्या पिवळ्या चिठ्ठीचा बाबांना मनस्वी तिटकारा. आपल्या हाताने आपण आजवर एकही पिवळी बांधलेली नाही, हे ते दर रविवारी जेवताना कुठल्या ना कुठल्या निमित्ताने सांगायचेच. "देश बुडाला तर पिवळ्या चिठ्ठीने बुडेल," असं ते म्हणाले की आई म्हणायची, "बुडायच्या आधी ताक घ्या." चिठ्ठ्यांचा एक जुडगा त्यांच्या खिशात कायम असायचा आणि तांबड्या चिठ्ठ्या घरभर फिरायच्या. कुकरच्या रिंगला, माझ्या सायकलच्या ब्रेकला, मिक्सरच्या भांड्याला. एकदा माझ्या केमिस्ट्रीच्या पेपरलाही सापडली होती. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण पेपर खरोखरच नापास व्हायच्या लायकीचा होता.

आम्ही राहायचो बंगळुरात, येलहंक्याच्या बाजूला, कारखान्याच्या कॉलनीत. खालचा मजला, पुढे हातभर बाग, मागे कढीपत्ता. त्या घराचं आठवायचं म्हटलं तर मला आधी आवाजच आठवतात. पहाटेचा कारखान्याचा भोंगा. शेजारच्या नागरत्नाक्कांचा इडलीचं पीठ दळायचा दगडी ग्राइंडर, तो आमच्या भिंतीतून घुमायचा. आमच्या फिल्टरमधून टपटपणारी कॉफी, कारण पुण्याहून आलेला आमचा चहा पहिल्याच वर्षी तिच्यापुढे हरला. आणि डोक्यावरून जाणारी हवाई दलाची विमानं. शिकाऊ वैमानिक असायचे, एकदा गेलं की तेच विमान वळून परत यायचं, आणि कपाटातली स्टीलची भांडी एकमेकांना काहीतरी कुजबुजून सांगायची. आई नाचणीच्या पिठाची थालीपिठं लावायची. नागरत्नाक्का कुंपणावरून वाटी पुढे करायच्या, त्यात बिसीबेळे भात असायचा, परत जाताना त्याच वाटीत थालीपीठ जायचं. अक्का अर्धं कन्नड बोलायच्या, आई अर्धं मराठी, आणि दोघींची मिळून एक तिसरीच भाषा झाली होती. ती त्या दोघींखेरीज कुणालाच धड कळायची नाही, मात्र भांडण सोडून सगळं काही तिच्यात व्हायचं.

ह्या सगळ्या आवाजांत एक आवाज नव्हता, आणि तो नाही हे आम्हा तिघांनाही सतत ऐकू यायचं. आई गायची. पुण्यात तिचा गाण्याचा वर्ग होता. सकाळी मी दूध-पोळी खात असायचे आणि ती तानपुरा मांडीवर आडवा घेऊन घोडीवर, तारेखाली, एक बारीकसा दोरा बोटाने पुढे-मागे सरकवत बसायची. दोरा चुकीच्या जागी असला की तार नुसती वाजायची, डब्यावर चमचा आपटावा तशी. तो नेमका बसला की तीच तार झंकारायला लागायची, एका सुरातून आणखी सूर फुटायचे आणि खोली भरून जायची. "खुलली जवारी," असं म्हणून आई हसायची. माझा दिवस त्या वाक्याने सुरू व्हायचा.

बाबांची बंगळुराला बदली झाली तेव्हा तानपुऱ्याचं पॅकिंग बाबांनी स्वतः केलं. सागवानी फळ्यांचं खोकं, आत स्पंजचे थर, बाहेर चारी बाजूंना वर दाखवणारे बाण, आणि स्क्रूवर भरवसा नको म्हणून जास्तीचे खिळे. ट्रक कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत आला, वाटेत एका खड्ड्यात आमच्या लोखंडी कपाटाचा पाय वाकला, पण खोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. बाबांनी ते सगळ्यांना फिरवून फिरवून दाखवलं. मग ते उघडायची वेळ आली आणि ते उघडेना. स्क्रू निघाले, खिळे हलेनात. शेवटी बाबांनी फळीच्या फटीत पहार घातली, जोर लावला, आणि आतून आवाज आला, कट्. एवढासाच. भोपळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. आई ट्रकवाल्यांना चहा करायचाय म्हणून आत गेली, आणि त्या चहात साखर घालायची विसरली.

मिरजेच्या कारागिरांकडे विचारणा केली. नवा भोपळा बसवून देतो म्हणाले. आई म्हणाली, "भोपळा बदलला की तानपुरा दुसरा झाला. मला दुसरा नकोय." तिने तानपुरा जुन्या साडीत गुंडाळला आणि कोपऱ्यात उभा केला. कॉलनीतल्या मुली वर्गाचं विचारायला आल्या, त्यांना तिने लाडू देऊन परत पाठवलं. ती आमच्यावर रागावलेली नव्हती, हसायची, चेष्टा करायची, सगळं करायची. फक्त गायची नाही. बाबा कोपऱ्यातल्या त्या साडीकडे पाठ होईल अशा बेताने खुर्ची सरकवून बसायचे. इतका कडक माणूस, पण त्या कोपऱ्याला फार घाबरायचा, आणि मला त्यांची दया यायची.

नागरत्नाक्का शास्त्रीय गाणं शिकल्या होत्या, कर्नाटकी. त्यांच्याकडे विजेवर चालणारी श्रुतीची पेटी होती. त्या ती घेऊन आल्या. "स्वल्प केळि, ताई," म्हणाल्या, म्हणजे जरासं ऐका तरी. आईने डोळे मिटून ऐकलं. "छान आहे हो अक्का. पण ह्यात मधमाश्या आहेत." अक्का पदराआड हसल्या आणि मधमाश्या घेऊन घरी गेल्या.

उपाय लागला तो माझ्या हाती, आणि त्यात माझी हुशारी फारशी नव्हती. पुण्यात आईने विद्यार्थिनींसाठी एक कॅसेट केली होती, तिच्या एका बाजूला नुसता तानपुरा होता. तिचा, तडा जायच्या आधीचा. पण आमचा टेपरेकॉर्डर म्हातारा झाला होता. कॅसेट ओढायची, सूर हळूहळू खाली घसरायचा, आणि आई म्हणायची, "बंद कर गं, त्याला धाप लागते." कॉम्प्युटर घरात आला तो माझ्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं की वायर जोडून कॅसेट आत उतरवता येते. मी उतरवली. जिथे सूर घसरत नव्हता तेवढा तुकडा कापला आणि त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडलं. आता तो तानपुरा कितीही वेळ वाजणार होता, न थकता. वॉकमनचे हेडफोन लावून मी ऐकला आणि आईला हाक मारली. "कानात बोळे घालून कुणी गातं का?" असं म्हणून ती कणीक मळायला गेली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मिने, स्पीकर मी निवडतो." कशासाठी ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मग आमचे रविवार एस. पी. रोडला जायला लागले. लाल बसने मॅजेस्टिक, तिथून चालत, चिकपेटच्या साड्यांच्या दुकानांवरून, आईला लांब ठेवलेलंच बरं असं म्हणत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वायरी, पंखे, मोटारी, जुने मॉनिटर, सोल्डरिंगचा धूर. राजण्णांचं दुकान एका जिन्याखाली होतं. कॉलनीतले निम्मे कॉम्प्युटर त्यांनीच दिलेले, त्यामुळे बाबांना ते ओळखून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एक चकचकीत जोडी काढली. पुढे चंदेरी कडी, खोक्यावर ज्वाळांचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत पाचशे वॅट.

"सार, फाइव्ह हंड्रेड वॅट! पूरा रोड सुनेगा!"

"रोड को नहीं सुनाना है," बाबा म्हणाले. "मेरी मिसेस को सुनाना है."

मग त्यांनी खोकं उलटं केलं, विजेचा ॲडॅप्टर काढला आणि खिशातल्या भिंगाने त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. "राजण्णा, ह्या ॲडॅप्टरमधून जेमतेम दहा वॅट येणार. मग बाकीचे कुठून येतात? हवेतून?" राजण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला तीच जोडी हवी होती. आवाज असा धडामधूम होता की जिन्यावरून उतरणारा माणूस थबकला. पण तांबडी चिठ्ठी निघाली आणि राजण्णांच्या समोरच त्या चंदेरी कडीला बांधली गेली. नंतर ती सोडवायचं राजण्णांच्या लक्षात राहिलं नाही, आणि पुढच्या रविवारीही ती जोडी तशीच, गळ्यात चिठ्ठी घालून, कपाटात बसलेली होती.

बाबांची पद्धत अशी की माल दुकानात तपासायचा नाही, जिथे वापरायचा तिथे तपासायचा. राजण्णा "सरी सार" म्हणून जोडी बांधून द्यायचे, पुढच्या रविवारी आम्ही ती परत न्यायचो. घरी तपासणीची तयारी एखाद्या मुंजीची असावी तशी. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर लावायचा नाही. टेप घेऊन बाबा टेबलापासून सतरंजीपर्यंतचं अंतर मोजायचे, मग आईला तिथे बसवायचे. "हलू नकोस." "अहो, मी काय फोटो काढायला बसलेय?" मी तानपुरा चालू करायचे. आई डोळे मिटायची. आणि नेमकं तेव्हाच विमान यायचं. भांडी कुजबुजायची, बाबा हात वर करायचे, मी बंद करायचे, विमान जायचं, मी चालू करायचे, विमान वळून परत यायचं.

आईचे निकाल स्वयंपाकघरातून यायचे. पहिल्या जोडीला ती म्हणाली, "करपलंय." दुसरीला, "पाणी जास्त झालंय." एका जोडीला अळणी म्हणाली, एकीला म्हणाली की फोडणी आहे, पण खाली वरणच नाही. बाबा ह्या शेऱ्यांचं आपल्या भाषेत रूपांतर करायचे. करपलंय म्हणजे वरचे सूर जास्त. वरण नाही म्हणजे खर्जाला ताकद नाही, स्पीकरची पेटी लहान आहे. एवढ्याशा पेटीतून खर्ज निघणं अवघडच, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. मी विचारलं, मग मोठे का आणत नाही? ते म्हणाले, "टेबलावर मावायला हवेत. कोपऱ्यात जागा नाहीये." कोपऱ्यात साडी होती.

परवा मी माझ्या मुलाकडे सर्जापूर रोडला गेले होते. त्याच्या घरात लिंबाएवढा एक स्पीकर आहे. मुलाने तो न ऐकताच घेतला, अनोळखी माणसांनी दिलेले तारे बघून. आवाज सुरेख आहे, उगीच खोटं कशाला बोलू? पण तो घेताना कुणी सतरंजीवर डोळे मिटून बसलं नव्हतं, कुणी विमान जायची वाट बघितली नव्हती, आणि तो नापास झाला असता तर घरात काही बिघडलं नसतं. मी हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तुला पिवळी चिठ्ठी बांधू का?" गोष्ट त्याला पाठ आहे.

तर त्या वर्षी दसरा जवळ आला तेव्हा घरात एक करड्या रंगाची जोडी होती. दिसायला अगदी गरीब. किंचित मागे रेलून बसलेली, पुढे उभ्या फटींची जाळी. खोक्यावर ज्वाळा नाहीत आणि वॅट खरे लिहिलेले. बाबा तेवढ्यावरच निम्मे पाघळले होते. त्यांनी कान लावून, बोट लावून, भिंगाने, सगळ्या तऱ्हांनी ती तपासली आणि त्यांना एकही दोष सापडला नाही. हिरवी चिठ्ठी त्यांनी खिशातून अर्धी बाहेर काढली होती. आईने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "स्वच्छ आहे."

"मग?"

"दवाखान्यासारखं स्वच्छ आहे. दवाखान्यात कुणी गातं का हो?"

बाबांनी हिरवी चिठ्ठी परत खिशात घातली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे आता होणार नाही. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उगाचच बागेत जाऊन कढीपत्त्याला पाणी घालून आले, पाऊस पडून गेलेला असताना. जोडी परत करायची ठरली. पण राजण्णांचं दुकान पूजेसाठी बंद होतं, म्हणून ती टेबलावरच राहिली.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारं पुजतात. आई विळी, पाटी, शिवणयंत्र पुजायची, कुंकवाचं एक बोट, एक फूल, झालं. बंगळुरात त्याच दिवशी आयुधपूजा, आणि ती काही एका बोटावर भागत नाही. कारखान्यात यंत्रांना केळीचे खांब बांधायचे, बसगाड्या झेंडूत बुडायच्या, रस्त्यावर कोहळे फुटायचे. नागरत्नाक्का आल्या त्याच मुळी ताट घेऊन. आमचा कॉम्प्युटर नुसताच बसलेला बघून त्यांना वाईट वाटलं. "मीना, इदु आयुध अल्लवा? हे पण हत्यारच ना तुझं?" आणि त्यांनी मॉनिटरला गंध लावलं, कीबोर्डवर शेवंती ठेवली, माउसला हळद-कुंकू वाहिलं. त्यांच्याकडच्या अक्षता हळदीत आणि तुपात कालवलेल्या असतात, बोटांना चिकटतात. त्या त्यांनी मूठ भरून सगळ्यांवर उधळल्या, कॉम्प्युटरवर, स्पीकरवर, माझ्यावर, आणि उरलेल्या बाबांच्या भिंगावर.

दसऱ्याला सकाळी बाबा म्हणाले की परत द्यायचा माल चालू स्थितीत द्यायचा असतो, एकदा लावून बघ. मी फुलं बाजूला केली आणि तानपुरा सुरू केला. आई आत घावन घालत होती. तारांचा पहिला फेरा झाला, पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्ज वाजला आणि घरात काहीतरी झालं. मला आधी नीट कळलंच नाही. खर्ज नुसता वाजला नाही, तो झंकारला. त्याच्यामागून आणखी काही सूर उठले आणि पुढच्या फेऱ्यापर्यंत हवेत राहिले. स्वयंपाकघरातला कालथ्याचा आवाज थांबला. आई बाहेर आली. कालथा हातात तसाच, कपाळावर पिठाचा ठिपका. ती सतरंजी न घालताच खाली बसली, टेबलाच्या अगदी पायाशी, आणि म्हणाली, "खुलली."

मग तिने सा लावला. थोडा खरखरीत आला, इतक्या दिवसांनी येणारच. तिने परत लावला. आत घावन जळत होतं, त्याचा वास घरभर झाला होता आणि आम्हा दोघांपैकी कुणीही उठून गॅस बंद केला नाही. बाबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी चष्मा काढला होता. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. भिंतीपलीकडचा ग्राइंडर मध्येच थांबला, आणि तो थांबला म्हणजे अक्काही ऐकत होत्या.

दिवाळीपर्यंत वर्ग सुरू झाला. मुली संध्याकाळी येऊन सतरंजीवर बसायच्या, मी तानपुरा लावून द्यायचे. राजण्णांना जोडी ठेवून घेतल्याचा निरोप गेला तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. राहिली होती ती फक्त हिरवी चिठ्ठी, आणि ती बांधायच्या आधी शेवटची तपासणी. आई भाजी आणायला गेली असताना बाबा टॉर्च घेऊन बसले. डावा स्पीकर बघितला, उजव्याच्या जाळीत उजेड टाकला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"मिने, इकडे ये."

मी वाकून बघितलं. आतल्या कागदी पडद्यावर, खालच्या कडेला, तांदळाचा एक पिवळा दाणा बसला होता. अक्कांच्या अक्षतांतला. एका टोकाने तुपाने चिकटलेला, दुसरं टोक मोकळं. मी तानपुरा लावला. पंचम झाला, जोड झाले, दाणा स्वस्थ. खर्ज वाजला आणि त्याचं मोकळं टोक पडद्यावर थरथरलं, आणि तो झंकार आला.

"हा दोष आहे," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "हा चक्क दोष आहे. बाहेरची वस्तू, पडद्याला चिकटलेली."

"मग काढायचा?"

ते आत गेले आणि चिमटा घेऊन आले. चिमटा जाळीच्या फटीतून आत गेला, दाण्याच्या अगदी जवळ गेला.  बाहेर फाटक वाजलं. आई पिशवी सांभाळत येत होती, आणि स्वतःशीच कसलीतरी तान घेत होती, अर्धी घेऊन सोडून देत होती, परत घेत होती. बाबांनी चिमटा बाहेर काढला. रिकामा. मग खिसे चाचपले, जुडग्याच्या तळातून एक चिठ्ठी काढली आणि उजव्या स्पीकरच्या मागे, वायरीला, दिसणार नाही अशी बांधली. ती पिवळी होती. "आईला सांगायचं नाही," ते म्हणाले. "तांदळाच्या दाण्यावर गातेय हे कळलं तर परत थांबेल ती."

पुढचं वर्ष बाबांनी त्या दाण्याची राखण केली. स्पीकर पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि उजवा कधीच पुसला नाही. टेबलाला धक्का लागला की ते ओरडायचे. टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, विमानांचा हादरा लागू नये म्हणून. आवाज ठरावीक खुणेच्या वर न्यायला बंदी होती, त्यामुळे माझी धडामधूम गाणी हेडफोनवरच राहिली. सगळ्यात कठीण प्रसंग आला तो कॉलनीतल्या मराठी मंडळातल्या आपटेकाकांमुळे. आमच्याकडचा तानपुरा ऐकून ते हरखले आणि राजण्णांकडून हुबेहूब तीच जोडी घेऊन आले. आठवड्याने तक्रार घेऊन हजर. "अहो, आमच्याकडे असं वाजत नाही!" आयुष्यभर खरं तेच लिहून सही करणारे बाबा खुर्चीत चुळबुळले. "जागेचा प्रश्न असतो, आपटे. भिंतीचा." काकांनी आपलं टेबल घरातल्या सगळ्या भिंतींना लावून पाहिलं म्हणे. राजण्णा तर बाबा दिसले की हात जोडायचे, कारण बाबांनी पास केलेली जोडी म्हणून कॉलनीत तिला मागणी आली होती. बाबा त्या रस्त्याने जायचंच टाळायला लागले. मी मात्र मजेत होते. त्यांना असं कात्रीत सापडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

परत खंडेनवमी आली. नागरत्नाक्का ताट घेऊन आल्या. मॉनिटरला गंध, कीबोर्डला शेवंती, माउसला कुंकू. मग त्यांनी अक्षतांची मूठ भरली आणि हात वर केला.

"अक्का, बेडा, बेडा!" बाबा दोन्ही हात पसरून स्पीकरपुढे उभे राहिले. "म्हणजे, डाव्याला करा. उजव्याला नको. उजवा जरा, काय आहे, त्याच्या आतलं कॉइल जे आहे, आणि हळदीने त्याचं तापमान..."

अक्का मूठ वर धरून तशाच उभ्या राहिल्या. मी खाली बघत हसू दाबत होते. आई निरांजन लावत होती. तिने काडी विझवली, शांतपणे बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अहो, सरळ सांगा की त्यांना. दाणा सरकेल म्हणून."

बाबांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या दसऱ्यापासून. दोरा सरकवण्यात जन्म गेला माझा. तारेखाली काय आहे ते मला कळतं, मग ती तार कुठे का असेना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काढून टाकला असतात. नापास म्हणून."

 बाबा स्पीकरच्या मागे वाकले, वायर पुढे ओढली आणि वर्षभर धूळ खाल्लेली पिवळी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. आईने ती हातात घेतली, उलटसुलट केली. त्या रंगाचा अर्थ तिला इतक्या रविवारच्या जेवणांनंतर कुणी समजावून सांगायला नको होता. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, साडीत गुंडाळलेल्या तानपुऱ्याकडे, आणि मग बाबांकडे. तो हिशेब त्या दोघांत तिथेच मिटला, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मग तिने अक्कांच्या मुठीतल्या अक्षतांतून एक दाणा वेचला. बोटांवर फिरवून त्याला तूप नीट लागलंय का ते पाहिलं आणि तो डाव्या स्पीकरच्या जाळीपाशी नेला.

"हा अजून दवाखान्यासारखाच आहे," ती म्हणाली. "काय हो इन्स्पेक्टर, करायचा का ह्यालाही पास?"

बाबा दुसरी पिवळी चिठ्ठी शोधायला आत गेले.